९०० डॉलरचा लॅपटॉप

कॉफीच्या दुकानात कुणीतरी टेबलावर लॅपटॉप ठेवून काउंटरकडे गेलं. शेजारच्या टेबलावरच्या १९ वर्षांच्या मुलाने तो उचलला आणि दाराबाहेर पडला. हत्यार नाही, धमकी नाही, झटापट नाही, आधीचा एकही गुन्हा नाही. लॅपटॉपची किंमत ९०० डॉलर.

दुकान न्यू जर्सीत असेल तर हा थर्ड डिग्रीचा, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा. तिथे ५०० डॉलरपासून ७५ हजारांपर्यंतची चोरी एकाच खणात पडते आणि त्या खणावर लिहिलंय ३ ते ५ वर्षं. टेक्सासमध्ये ७५० ते २,५०० डॉलरची चोरी म्हणजे क्लास ए मिसडिमीनर, किरकोळ गुन्ह्यांतला वरचा वर्ग: काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्ये जास्तीत जास्त १ वर्ष आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. कॅलिफोर्नियात ९५० डॉलरच्या आतली चोरी किरकोळ, फार तर ६ महिने.

पोरगा तोच, लॅपटॉप तोच. टेक्सास मवाळ आणि न्यू जर्सी कडक, हे पाहून दोन राज्यांतल्या शिक्षांवर शाळेचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याचे डोळे चमकतात आणि निबंध तिथेच लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. होऊ द्यायचं नाही. कारण पहिल्यांदाच थर्ड डिग्रीचा गुन्हा करणाऱ्याला सहसा तुरुंगात घालायचं नाही, हे त्याच न्यू जर्सीच्या कायद्याचं गृहीतक आहे, फक्त ते दुसऱ्या कलमात दडलंय. शिवाय प्रीट्रायल इंटरव्हेन्शन नावाची वाट आहे: ३ वर्षांपर्यंत देखरेखीखाली नीट वागला तर आरोपच रद्द. म्हणजे कागदावर सगळ्यांत कडक दिसणाऱ्या राज्यात हा मुलगा कदाचित तुरुंगाचं दारही पाहणार नाही.

‘कदाचित’ म्हणजे किती वेळा, हे मात्र कुठल्याही कलमात सापडत नाही. प्रकल्पासाठी जाणकाराची मुलाखत घ्यायची ती एवढ्यासाठी. बाकी सगळं फुकट वाचायला मिळतं.

अमेरिकेत हायस्कूलला किंवा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना असे प्रकल्प सर्रास मिळतात: दोन राज्यांतल्या शिक्षांची तुलना करा, एका जाणकाराशी बोला. मराठी घरात गाडी अडते ती जाणकारापाशी. आई-बाबा आयटीत किंवा फार्मात, वकिलाशी संबंध आला तो व्हिसापुरता. मग महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारणा होते, ‘ओळखीत कुणी लॉयर आहे का?’ आणि कुणाचे तरी काका मिळतात, जे आयुष्यभर पेटंटचं काम करत आलेत. काका चांगलेच असतात, वेळही देतात. पण गुडघा दुखतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं होतं ते.

माणूस हवा तो रोज त्याच फौजदारी न्यायालयात उभा राहणारा. अशी माणसं चार-पाच प्रकारची. आरोपीला सरकारी खर्चाने वकील देतात तो पब्लिक डिफेंडर. सरकारी वकील, म्हणजे प्रॉसिक्यूटर. खासगी फौजदारी वकील. शिक्षेआधी न्यायाधीशांसाठी आरोपीचा अहवाल तयार करणारा प्रोबेशन अधिकारी. आणि लॉ स्कूलमध्ये शिक्षाशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. न्यायाधीश बोलतात, पण चालू किंवा येऊ घातलेल्या खटल्याबद्दल जाहीर बोलायला त्यांना आचारसंहितेची मनाई असते, त्यामुळे बहुतेक उत्तरं गुळमुळीत येतात. निवृत्त न्यायाधीश मिळाले तर सोनं. ज्यांच्या राज्यात शिक्षा आयोग, म्हणजे कुठल्या गुन्ह्याला किती शिक्षा याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारा आयोग, आहे त्यांनी आयोगाच्या कार्यालयात जरूर विचारावं. मिनेसोटाचा आयोग या बाबतीत सगळ्यांत जुना. त्यांची मार्गदर्शक तत्त्वं १९८० पासून लागू आहेत. त्यांचा तक्ता एका पानावर मावतो: खाली उतरत गेलं की गुन्ह्याची तीव्रता बदलते, आडवं सरकत गेलं की आरोपीचा पूर्वेतिहास, आणि जिथे दोन्ही रेघा मिळतात त्या चौकटीत महिन्यांचा आकडा. काही चौकटी करड्या छापलेल्या; तिथे गृहीत धरलेली शिक्षा प्रत्यक्ष तुरुंगाची नसते. हा कागद छापून टेबलावर ठेवला की विद्यार्थ्याला अर्धा विषय बोटाने दाखवता येतो.

एका राज्याच्या वकिलाला दुसऱ्या राज्याच्या कायद्याचं मत विचारायचं नाही. त्याचा परवाना त्याच्या राज्यापुरता, आणि सावध वकील त्यापलीकडे जातही नाही. म्हणजे दोन राज्यांची तुलना असेल तर माणसं दोन लागणार, आणि शक्यतो एकाच बाजूची. न्यू जर्सीचा बचावाचा वकील आणि टेक्सासचा सरकारी वकील घेतले तर जो फरक दिसेल तो राज्यांचा की खुर्च्यांचा, हे कळायला मार्ग नाही. ही चूक इतकी वेळा होते की ती वहीत वेगळ्या रंगाने लिहून ठेवावी.

शोधाची वाटही राज्यागणिक बदलते. न्यू जर्सीत पब्लिक डिफेंडरचं कार्यालय राज्यभराचं एकच, त्याच्या शाखा काउंटीवार. टेक्सासमध्ये हा कारभार काउंटीच्या हातात. कित्येक छोट्या काउंट्यांत असं कार्यालयच नाही, न्यायालय खासगी वकिलांची नेमणूक करतं. तिथे ‘पब्लिक डिफेंडर’ शोधत बसलेला विद्यार्थी आठवडा घालवतो. न्यू जर्सीत काउंटी प्रॉसिक्यूटरला राज्यपाल नेमतात. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट अॅटर्नी आणि न्यायाधीश दोघेही पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. निवडणुकीच्या तोंडावर टेक्सासच्या कार्यालयातून मोकळं उत्तर येईल ही आशा कमी ठेवावी.

आता ईमेल. तो विद्यार्थ्यानेच, शाळेच्या पत्त्यावरून पाठवायचा. बाबांच्या कंपनीच्या पत्त्यावरून आलेला ईमेल वकिलाला ‘यांच्या घरात काहीतरी झालंय’ असा वास देतो. विषयाच्या ओळीत तीन गोष्टी: विद्यार्थी, २० मिनिटं, विषय. मजकूर दीडशे शब्दांच्या आत. पहिल्या वाक्यात मी कोण, कुठल्या शाळेत. दुसऱ्यात याच माणसाला का लिहितेय. इथे त्याच्या कामाचा नेमका उल्लेख हवा, ‘तुमचा अनुभव प्रेरणादायी आहे’ नको. तिसऱ्यात लॅपटॉपची ती गोष्ट, दोन ओळींत. मग तीन प्रश्न, फक्त तीन. मग वेळेचे तीन पर्याय, समोरच्याच्या टाइम झोनमध्ये लिहिलेले. टेक्सासचा बहुतेक भाग सेंट्रल टाइमवर चालतो, पण एल पासो माउंटन टाइमवर, आणि अॅरिझोनात घड्याळ उन्हाळ्यातही पुढे सरकत नाही. तासाच्या चुकीने मुलाखत हुकली तर दुसरी मिळत नाही. शेवटी एक वाक्य न विसरता: हा शाळेचा प्रकल्प आहे, माझ्या किंवा घरातल्या कुणाच्या प्रकरणाबद्दल नाही, मला कायदेशीर सल्ला नको आहे. या वाक्याने वकिलाचा खांदा सैल होतो. अनोळखी माणसाला दिलेलं उत्तर उद्या ‘सल्ला’ ठरू शकतं, ही भीती त्याला शिकवलेली असते.

(आणि घरात खरोखरच प्रकरण असेल, तर प्रकल्पाच्या आडून विचारू नये. पैसे देऊन रीतसर वकील गाठावा.)

प्रकल्प द्यायच्या तारखेआधी तीन आठवडे पहिला ईमेल गेला पाहिजे. दोन माणसं हवी असतील तर सहा ते आठ जणांना लिहावं, प्रत्येकाला वेगळं. एकच ईमेल सगळ्यांना सीसी केला तर प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी देईल उत्तर. सोमवारची सकाळ टाळावी. आठवडाभर काही आलं नाही तर त्याच साखळीत दोन ओळींची आठवण, एकदाच. त्यानंतर कार्यालयात फोन करून रिसेप्शनवर विचारलं तरी चालतं. बहुतेक मुलांना फोन करायची लाज वाटते आणि बहुतेक मुलाखती फोननेच ठरतात.

प्रश्नांवर मात्र मनसोक्त वेळ घालवावा. ‘हा कायदा न्याय्य आहे असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी लिहून आणतो. त्याचं उत्तर भाषण असतं. त्याऐवजी: ‘असं प्रकरण तुमच्या टेबलावर आलं तर पहिल्या आठवड्यात काय होतं?’ ‘किंमत ९०० ऐवजी १,००० असती तर तुमच्या राज्यात काय बदललं असतं?’ ‘आरोप कुठला लावायचा हे कोण ठरवतं, आणि तो कमी करून घ्यायला काय द्यावं लागतं?’ हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. राज्यांमधल्या दोषसिद्धींपैकी ९४ टक्के गुन्हा कबूल केल्यामुळे होतात, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या एका निकालात नोंदवलंय. खटला उभाच राहत नसेल तर शिक्षा ठरते ती सरकारी वकील आणि बचावाचा वकील यांच्यातल्या सौद्यात, आणि कमाल शिक्षेचा आकडा त्या सौद्यातलं वजन असतो.

टेक्सासच्या वकिलाला एक खास प्रश्न राखून ठेवावा: शिक्षा ज्युरीकडून घ्यायची की न्यायाधीशाकडून, हे आरोपी निवडू शकतो, तुम्ही कधी काय सुचवता? न्यू जर्सीत ही निवडच नाही, शिक्षा न्यायाधीशच देतात. एका उत्तरात दोन राज्यांचा स्वभाव कळतो.

गाजलेल्या खटल्यांचा मोह असतोच. टेक्सासमध्ये तीन फसवणुकींचे मिळून २२९ डॉलर ११ सेंट, आणि जन्मठेप; सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली. कॅलिफोर्नियात साधारण ४०० डॉलरची एक अशा तीन गोल्फ स्टिक चोरल्या म्हणून २५ वर्षं ते जन्मठेप. तीही २००३ मध्ये कायम. निबंधाच्या सुरुवातीला झकास. मुलाखतीत मात्र ‘अजूनही गोल्फ स्टिकला जन्मठेप होते का?’ असं विचारलं की समोरच्याला कळतं, या मुलीने २०१२ ची दुरुस्ती वाचलेली नाही. त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप देणारा हा नियम बदलला: तिसरा गुन्हाही सहसा गंभीर किंवा हिंसक असल्याशिवाय ती शिक्षा लागत नाही. तारीख नेहमी पाहावी, आणि शिक्षा सहसा गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्याने होते हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

शब्दांची गल्लत हा दुसरा खड्डा. आपण जेलला तुरुंग म्हणतो आणि प्रिझनलाही तुरुंग म्हणतो. तिथे जेल काउंटीचं, खटल्याची वाट पाहणाऱ्यांचं आणि ढोबळमानाने वर्षभराच्या आतल्या शिक्षांचं, प्रिझन राज्याचं. टेक्सासने मध्येच ‘स्टेट जेल’ नावाचा तिसरा प्रकार काढलाय, १८० दिवस ते २ वर्षं, आणि तिथे पॅरोल नाही. प्रोबेशनला, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली राहण्याला, टेक्सासचा कायदा ‘कम्युनिटी सुपरव्हिजन’ म्हणतो. न्यू जर्सीच्या संहितेत गंभीर गुन्ह्याला इतर राज्यांसारखं फेलनी म्हणतच नाहीत, डिग्री म्हणतात. दोन्ही मुलाखतींत एकच शब्द वापरला तर एक माणूस मध्येच थांबून दुरुस्ती करणार आणि २० मधली ४ मिनिटं गेली.

पॅरोलवरून तर भारतातल्या आजोबांशीही भांडण होतं. महाराष्ट्रात वर्तमानपत्रात पॅरोल वाचला की ती अभिवचन रजा: घरात लग्न, मयत, आजारपण, म्हणून कैदी थोडे दिवस बाहेर येतो आणि परत जातो. अमेरिकेतला पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढणं; नीट वागला तर परत जायचं नाही. बऱ्याच राज्यांनी पॅरोल मंडळाच्या मर्जीवरचा हा पॅरोल बंदच केला. सुरुवात मेनने १९७६ मध्ये केली.

म्हणूनच ‘१० वर्षं’ हा आकडा तुलनेत जसाच्या तसा ठेवता येत नाही. हत्यार दाखवून केलेल्या दरोड्याला दोन्ही राज्यांत १० वर्षं झाली असं धरा. न्यू जर्सीच्या १९९७ च्या कायद्यानुसार ८५ टक्के शिक्षा आत काढल्याशिवाय पॅरोलचा विचारच नाही: ८ वर्षं ६ महिने. टेक्सासमध्ये अशा गुन्ह्याला निम्मी शिक्षा भोगल्यावर पॅरोल मंडळापुढे अर्ज जाऊ शकतो: ५ वर्षं. मंडळ नाही म्हणालं तर दहाच्या दहा. मिनेसोटात साधारणपणे दोन तृतीयांश आत, एक तृतीयांश बाहेर देखरेखीत. विद्यार्थ्याने वहीत तीन रकाने आखावेत: कायद्यात किती, न्यायालयाने दिली किती, आत जातात किती. पहिला रकाना घरी बसून भरायचा. दुसरा आणि तिसरा मुलाखतीत.

परक्या पासपोर्टवर राहणाऱ्या घरांना एक चौथा रकाना लागतो. प्रवेशापासून ५ वर्षांच्या आत केलेल्या, नैतिक अधःपतनाच्या वर्गात मोडणाऱ्या गुन्ह्यासाठी माणसाला देशाबाहेर काढता येतं, जर त्या गुन्ह्याला १ वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल. झाली असेल तर नव्हे. होऊ शकत असेल तर. चोरी सहसा या वर्गात धरतात. आता टेक्सासचा क्लास ए पुन्हा बघा: ‘१ वर्षापर्यंत’. याच कारणासाठी कॅलिफोर्नियाने मिसडिमीनरची कमाल शिक्षा २०१५ पासून ३६४ दिवसांवर आणली, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तेच केलं. एक दिवस कापला, आणि ग्रीन कार्डवरच्या माणसाचं घर वाचू शकतं. दुसरं, टेक्सासमधलं डिफर्ड अॅडज्युडिकेशन: आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायाधीश निकाल राखून ठेवतात, मुदत नीट पार पडली की राज्याच्या लेखी दोषसिद्धी नाही. इमिग्रेशनच्या लेखी आहे. बचावाच्या वकिलाने हद्दपारीचा धोका अशिलाला सांगितलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली केंटकीच्या खटल्यात ठरवलं. ‘हे संभाषण तुम्ही अशिलाशी नेमकं कसं करता?’ या प्रश्नावर पब्लिक डिफेंडर सहसा २० मिनिटांची मर्यादा विसरतात.

भारतात कायदा एकच, मग अमेरिकेत हा गोंधळ का, असं फोनवर पुण्याहून विचारलं जातं. गुन्ह्याची संहिता एक आहे हे खरं; पण शिक्षेत सूट देणं ‘समुचित सरकार’कडे असतं आणि धोरणं राज्यांची वेगळी. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमधला, खटला मुंबईत चाललेला. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ११ जणांची सुटका रद्द केली ती याच मुद्द्यावर, की सूट द्यायचा अधिकार गुजरातचा नव्हताच, महाराष्ट्राचा होता. विद्यार्थ्याच्या निबंधात हा परिच्छेद बसेलच असं नाही, आजोबांच्या फोनसाठी उपयोगी.

मुलाखत रेकॉर्ड करायची तर तिथेही राज्यं वेगळी निघतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सासमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते, म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्याची स्वतःची. पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मेरीलँडमध्ये सगळ्यांची लागते, आणि चोरून केलेलं रेकॉर्डिंग हा गुन्हा. न्यू जर्सीतल्या नेवार्कमधून पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाला फोन लावला तर कुठला नियम? वाद घालत बसू नये, कडक तो पाळावा. ईमेलमध्ये विचारायचं, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पुन्हा एकदा विचारून उत्तर त्यातच येऊ द्यायचं. आपोआप लिहून देणाऱ्या अॅपवर भरवसा नको. घाईत बोललेला ‘प्रोबेशन’ कागदावर ‘पॅरोल’ होऊन उतरतो आणि अर्थ पार उलटतो. आकडे आणि कलमं हाताने टिपून घ्यावीत.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्थेमार्फतच जावं, आणि ‘तुम्ही काय केलं होतं?’ हा पहिला प्रश्न कधीही नसावा. कॉलेजच्या संशोधनात सध्या तुरुंगात असलेल्यांशी बोलायचं तर संस्थेच्या नीतिसमितीची कडक मंजुरी लागते. शाळेच्या मुलांनी त्या वाटेला न गेलेलं बरं.

नंतर आभाराचा ईमेल त्याच दिवशी. त्यात छापायची विधानं जोडून विचारावं, ‘तथ्य बरोबर आहे ना?’ पूर्ण निबंध मंजुरीला पाठवू नये. पाठवला तर वकील तो वकिलासारखा दुरुस्त करतो आणि त्यात विद्यार्थी उरत नाही.

मुलाखतीत एक उत्तर हमखास येतं, ‘इट डिपेंड्स ऑन द काउंटी’. मुलं ते टाळाटाळ समजून वगळतात. तिथेच थांबून विचारायचं: कुठली काउंटी कडक, कुठली नाही, का? न्यू जर्सीत २१ काउंट्या, टेक्सासमध्ये २५४. त्या उत्तरानंतर ‘टेक्सासमध्ये असं होतं’ हे वाक्य खोडून त्या काउंटीचं नाव लिहावं लागतं, आणि दिवस हाताशी असतील तर शेजारच्या काउंटीतल्या एखाद्या वकिलाला आणखी एक ईमेल टाकावा. लॅपटॉप तोच, ९०० डॉलरचा.